यशवंतरावांची बेरीज : निम्मी आठवलेली, निम्मी विसरलेली

महाराष्ट्रात पक्ष फुटला की पुढाऱ्यांची पावले कराडच्या प्रीतिसंगमाकडे वळतात. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली आणि दुसऱ्याच दिवशी शरद पवार यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपुढे उभे होते. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर आलेल्या पुण्यतिथीला अजित पवारही तिथेच आले. दोघेही स्वतःला यशवंतरावांच्या विचाराचे, म्हणजे विरोधकांनाही सोबत घेणाऱ्या ‘बेरजेच्या राजकारणा’चे, वारस म्हणवत होते. तो विचार नेमका कोणता, हे पाहायचे तर १९५६ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी १ नोव्हेंबरला यशवंतराव मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा मराठी मुलूख त्यांच्यावर चिडलेला होता. संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानणारा माणूस, ही त्यांची ओळख झाली होती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची धूळधाण केली. कराडमध्ये खुद्द यशवंतराव कसेबसे निवडून आले. बेरजेचे राजकारण जन्मले ते या कोंडीत. विरोधकांना शत्रू मानून राज्य चालवणे शक्य नव्हते. द्विभाषिक टिकणार नाही हे त्यांनी दिल्लीला पटवले, आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मग बेरीज पक्षापुरती राहिली नाही. हे राज्य मराठ्यांचे की मराठी माणसांचे, असे पत्रकार-लेखक ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारले तेव्हा यशवंतरावांनी मराठी माणसांचे, असे निःसंदिग्ध उत्तर दिले. महार समाजाला गावकामाला बांधून ठेवणारी वंशपरंपरागत महार वतने आधीच, १९५८ च्या कायद्याने, रद्द झाली होती. राज्यस्थापनेनंतर नवबौद्धांना सवलती मिळाल्या. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांची फी माफ झाली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या निर्णयांत खेड्यातल्या घरांना सर्वांत खोलवर बदलणारा निर्णय हाच. साहित्य संस्कृती मंडळ स्थापन करून त्याची धुरा त्यांनी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे दिली.

पण बेरजेचा खरा कणा होता सत्तेची वाटणी, आणि तोच आज सर्वांत कमी आठवला जातो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. पंचायत राज्याची शिफारस करणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने भर दिला होता तालुका पातळीवर. महाराष्ट्राने तो जिल्ह्यावर दिला. नाईक समितीने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवायला सांगितले, जिल्हाधिकाऱ्यालाही. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीच्या योजना लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती गेल्या. मुख्यमंत्र्याने आपल्याच आमदारांचा रोष पत्करून स्थानिक पुढारी उभे करावेत, याला धाडस लागते. त्या वाटेने पुढे कितीतरी माणसे आली. सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य आर. आर. पाटील उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोचले.

या रचनेची दुसरी बाजूही खरी आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या छत्राखाली कारखाने, बँका, सूतगिरण्या वाढल्या, पण त्यांवर पकड बसली ती मुख्यतः जमीन असलेल्या मराठा घराण्यांची. भूमिहीन त्या वर्तुळाबाहेरच राहिला. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले, आणि या दोषाला आवर घालायला त्यांच्या ताकदीचा माणूस मुंबईत उरला नाही.

१९७८ मध्ये शरद पवारांनी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ बनवले, तेव्हापासून बेरीज म्हणजे आमदारांची जुळवाजुळव, हा अर्थ रूढ होत गेला. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी. संख्याबळ जमवणे हेच कौशल्य ठरले. यशवंतरावांनीही माणसे पक्षात आणली, यात शंका नाही. मात्र आलेल्या माणसाबरोबर त्याचा समाज, त्याचा तालुका राज्यकारभारात यावा, ही त्यांची अट होती.

सत्तेची वाटणी तर उलट्या दिशेने गेली. जिल्ह्याच्या विकासनिधीचे नियोजन आता जिल्हा नियोजन समितीत ठरते आणि तिचा अध्यक्ष असतो पालकमंत्री. म्हणून प्रत्येक नव्या सरकारात पालकमंत्रिपदावरून रस्सीखेच होते. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. त्याच काळात प्रीतिसंगमावर दरवर्षी सर्व पक्षांचे हार पडत राहिले.