चार धुराडी म्हणजे टायटॅनिक नव्हे

नवी पेठेतल्या एका जुन्या दुकानात, काचेच्या पेटीत हातभर लांबीचं जहाज आहे. लहानपणापासून सगळे म्हणतात, "ते टायटॅनिक." कारण काय, तर चार धुराडी! अहो, चार धुराडी ऑलिंपिक नावाच्या जहाजालाही होती, मॉरेटानिया, लुसिटानिया या जहाजांनाही.

परवा दुकानदारकाकांनी पेटी उघडून दिली. धुराडी पिवळसर, टोकं काळी. म्हणजे व्हाइट स्टार लाइन, टायटॅनिक आणि ऑलिंपिकची जहाज कंपनी. मॉरेटानिया, लुसिटानिया ज्या कंपनीची, त्या क्युनार्डची धुराडी लालसर असत. मग लाइफबोटींच्या खालचा फिरण्याचा डेक निरखला. टायटॅनिकवर त्याचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद केलेला होता. इथे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा आहे. हे ऑलिंपिक, टायटॅनिकची थोरली बहीण.

चौथं धुराडं नुसतं शोभेचं, हेही अर्धवट खरं. त्यातून बॉयलरचा धूर येत नसे, पण खालची गरम हवा आणि भटारखान्याचा धूर तिथूनच बाहेर पडे.

टायटॅनिक पहिल्याच फेरीत, १९१२ साली बुडालं. ऑलिंपिक १९११ पासून १९३५ पर्यंत धावलं, महायुद्धात सैनिक वाहिले, १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीला धडकून बुडवलं. एवढं कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर का जावं? काका, पेटीवरची चिठ्ठी तेवढी बदलाच.