ठासणीच्या बंदुकीची दारू : गोष्ट दाण्याची

शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा गडावरच्या एखाद्या सोहळ्यात ठासणीची (तोंडातून दारू भरून गजाने ठासायची) बंदूक वाजते, तेव्हा 'दारू कुठली?' असं विचारलं तर पुण्यात बहुधा 'काळी' एवढंच उत्तर मिळतं. ते अपुरं आहे. सोरा, कोळसा आणि गंधक हे घटक शतकानुशतकं तेच राहिले. बदलत गेला तो दाणा. बार नीट निघणार, फुसका जाणार की नळी फुगणार, हे बऱ्याच अंशी दाण्यावर ठरतं. (फारसीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीत त्या शब्दाची एक शाखा कोठारात गेली, दुसरी गुत्त्यात.)

सुरुवातीची दारू पिठासारखी होती. गाडीत हादरे बसले की घटक वेगळे व्हायचे आणि गजाने जास्त ठासली की आत ज्वाळा शिरायला वाटच उरायची नाही. पंधराव्या शतकात युरोपात ती दाणेदार होऊ लागली. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा धावते, त्यामुळे सगळा बार जवळजवळ एकदम पेटतो. जोर इतका वाढला की पिठाच्या दारूसाठी ओतलेल्या तोफांना तो पेलेना. मोठ्या तोफांत जुनीच दारू बराच काळ चालू राहिली.

आपल्याकडे खरा शत्रू दमटपणा. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल बारकाईने लिहिलं आहे: तो घरांजवळ नसावा, तळघरात माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करावी. अठराव्या शतकाच्या आरंभीची ही सूचना आजही खरी आहे. फक्त एक भर घालावी लागते: सर्दावलेली दारू उन्हाने सुकते, पण पुरती भिजलेली दारू सुधारत नाही. सोरा विरघळून पृष्ठभागावर येतो आणि मिश्रण कायमचं बिघडतं. सासवडजवळ सोनोरीला पानशांनी बांधलेला मल्हारगड पाहताना हे आठवावं; पेशव्यांचा तोफखाना त्यांच्याच हाती होता.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी लष्करातल्या रॉडमन या अधिकाऱ्याने दाखवून दिलं की मोठ्या तोफेला मोठा दाणा हवा. तो सावकाश जळतो, दाब हळूहळू चढतो आणि तोफ फुटत नाही. उलट लहान नळीत दारूला वेळ कमी मिळतो, म्हणून तिथे बारीक दाणा.

आजच्या श्रेणी याच तत्त्वावर आहेत. 'एफ' म्हणजे फाइन. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. अमेरिकी मापात एक एफ साधारण १.२ ते १.७ मिमी, दोन एफ ०.६ ते १.२, तीन एफ ०.३ ते ०.८५ आणि चार एफ ०.१५ ते ०.४२ मिमी. स्विस दारूचे आकडे उलटे चालतात: तिथे नंबर जितका लहान तितका दाणा बारीक. शिवाय 'ए' अक्षराची सुरुंगाची श्रेणी वेगळीच. एफएफए हा दाणा एक एफपेक्षाही जाड असतो. डब्यावरचं शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

निवड अशी. लहान तोफेला एक एफ किंवा त्याहून जाड. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडची ०.७५ इंची चकमकीची बंदूक किंवा १८५३ची ०.५७७ इंची एन्फिल्ड असेल तर दोन एफ. एन्फिल्डच्या काडतुसात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम दारू असे. ०.४५ इंचाच्या खाली आणि पिस्तुलांत तीन एफ. दोनऐवजी तीन एफ घालायची वेळ आली तर दारूचं माप दहा ते पंधरा टक्के कमी करतात, कारण बारीक दाण्याने दाब झपाट्याने चढतो. चार एफ फक्त रंजकाला (नळीच्या कानावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या छिद्रावर, ठेवायची चिमूटभर दारू), नळीत कधीच नाही. पुण्याच्या पावसाळी हवेत तीही लवकर सर्दावते. तिथे रंजकालाही तीन एफ बरी. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुकीचा कान रुंद असतो, तिला तीन एफ सहज पुरते.

आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू ठासणीच्या नळीत गेली तर नळी फाटते. फटाक्याची दारू त्याहून वाईट. तिच्यात ॲल्युमिनियमची भुकटी असू शकते. सोहळ्यातल्या रिकाम्या बाराला गोळी नको, चिंध्या-कागदाची डाट नको आणि गजही नको. गज नळीत विसरला तर तोच बाण होतो. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतू नये. आत निखारा उरला असेल तर अख्खं शिंग हातात उडेल. म्हणून मोजमापाची वेगळी नळी. बंदूक आणि दारू दोन्हींना परवाना लागतो, हे वेगळं सांगायला नको.

काळ्या दारूचं निम्म्याहून अधिक वजन जळाल्यावर घनरूपात उरतं. ही राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. त्यामुळे त्याच दिवशी कोमट पाण्याने नळी धुवावी, कोरडी करावी, मग तेल. जुलैत हे काम दुसऱ्या दिवसावर ढकललं तर कानाभोवती तांबूस कडं दिसतं. कान तुंबला की पुढच्या वेळी रंजक उडते आणि बार तसाच राहतो. तेव्हा नळी मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबावं, मगच सुईने कान साफ करून नवी रंजक घालावी.