तांब्याची गोळी उमलते कशी?

रोह्यांनी (नीलगायींनी) हरभरा फस्त केला, रानडुकरांनी तूर लोळवली, की यवतमाळ-वाशिमकडच्या पारावर बंदुकीचा विषय निघतोच. परवानगी कधी येणार, परवानाधारक बंदूकवाला कुठून आणायचा, आणि मग मोबाइलवर पाहिलेले परदेशी शिकारीचे व्हिडिओ. त्यातूनच एक वाक्य हल्ली वारंवार कानावर येतं: "तांब्याची गोळी काही कामाची नाही जी, सुईवानी आरपार जाते अन् रोही तसाच पयून जाते." दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, तांबं म्हणजे शुद्ध धातू, नेहमीच्या शिशाच्या गोळीसारखा त्यापासून अपाय नाही. दोन्ही विधानांत थोडं तथ्य आहे. पण तांब्याची गोळी जनावराच्या शरीरात नेमकं काय करते, हे भौतिकशास्त्र इतकं सुंदर आहे की ते पारावरच्या वादात हरवू नये.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रोही-डुकरांबाबत याच कायद्याच्या कलम 11 खाली लेखी परवानगी मिळू शकते, ती अटींसह. पुढचं सगळं त्या चौकटीतच वाचावं. बॅटरी लावून रात्री बंदूक घेऊन निघणं हा गुन्हा आहे. कुंपणात करंट सोडणं तर त्याहून वाईट, त्यात आपल्या भागात वाघही मेले आहेत आणि माणसंही.

आता गोळी. पहिला गैरसमज असा की गोळीच्या धक्क्याने जनावर पडतं. हिशेब करा. 11 ग्रॅमची गोळी सेकंदाला 800 मीटर वेगाने आली तर तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, 8.8 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. रोहीचा नर 220 किलोचा धरला आणि सगळा संवेग त्याच्यात उतरला असं मानलं, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला फक्त 4 सेंटिमीटर. जनावर पडतं ते मेंदू किंवा मणका निकामी झाला म्हणून, नाहीतर हृदय-फुप्फुसं फाटून मेंदूचा रक्तपुरवठा तुटला म्हणून. दुसऱ्या प्रकारात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात ते धुरे ओलांडून पन्नास-शंभर मीटर सहज जाऊ शकतं. मंत्र मारून बंदूक 'बांधता' येते असं सांगणारे अजूनही भेटतात, आणि काडतुसाच्या जाहिरातीत 'एका दणक्यात आडवं करणारी ताकद' विकणारेही. दोघांकडेही पुरावा नाही. महत्त्वाची गोष्ट एकच: गोळी आत किती रुंद आणि किती खोल वाट पाडते.

तांब्याच्या गोळीच्या टोकाला मधोमध एक बारीक, खोल पोकळी कोरलेली असते. 1989 साली अमेरिकेत रँडी ब्रूक्स यांच्या बार्न्स कंपनीने अशी अखंड तांब्याची, आपणहून उमलणारी गोळी बाजारात आणली आणि पुढे अनेकांनी तीच वाट धरली. पोकळीच्या भिंतींना आतून उभ्या रेषांवर मुद्दाम कमकुवत ठेवलेलं असतं. गोळी मांसात शिरली की रक्त आणि ओलसर ऊती त्या पोकळीत कोंबल्या जातात. मांसात बहुतांश पाणीच असल्यामुळे त्याची घनता पाण्याइतकी धरायला हरकत नाही. वेगाने येणारं पाणी बंद पोकळीत अडलं की त्याचा दाब किती होतो, हे बर्नोलीच्या नियमाने काढता येतं: घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वेग 800 मीटर असेल तर दाब येतो 320 मेगापास्कल, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्रगर्तेच्या तळाशी जेवढा दाब असतो, त्याच्या तिप्पट!

हा दाब पोकळीच्या भिंतींना आतून बाहेर ढकलतो. मऊ केलेलं तांबं साधारण 70 मेगापास्कल ताणाच्या आतच कायमचं वाकायला लागतं आणि 220 च्या आसपास तुटतं. भिंतीतला ताण नुसत्या दाबाइतका नसतो. तो दाब गुणिले पोकळीची त्रिज्या भागिले भिंतीची जाडी, असा ढोबळमानाने निघतो. त्रिज्या आणि जाडी सारखी असली तर ताण दाबाएवढाच, म्हणजे इथे 320. मग भिंत कमकुवत रेषांवर फाटते आणि चार पाकळ्या मागे वळतात. 7.8 मिलिमीटर व्यासाची गोळी साधारण दुप्पट रुंद होते. व्यास दुप्पट झाला म्हणजे समोरचं क्षेत्रफळ चौपट झालं. हे सगळं पहिल्या चार-पाच सेंटिमीटरांत उरकतं, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात.

पाकळ्या मग तुटून का पडत नाहीत? याचं उत्तर भंडाऱ्याच्या बाजूच्या तांबटाला हातांनी माहीत असतं. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, हातोडीचा आवाजही बदलतो. तसाच ठोकत राहिलं तर काठ फाटतो. म्हणून तांबट भांडं भट्टीत लालसर होईपर्यंत तापवतो, मग ते पुन्हा मऊ पडतं. आत काय घडतं? तांब्याचे अणू थरांवर थर असे रचलेले असतात आणि त्या रचनेत ठिकठिकाणी दोष असतात. धातू वाकतो तेव्हा हे दोष थरांमधून सरकतात. जितकं वाकवावं तितके नवे दोष तयार होतात, एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं. तापवल्यावर अणू नव्याने मांडले जातात आणि गुंता सुटतो. गोळी बनवणाराही तेच करतो: तांबं हवं तेवढं मऊ करून ठेवतो. मग उमलताना पाकळीचा जो भाग जास्त वाकला तोच जास्त कडक होतो आणि वाकणं शेजारच्या मऊ भागाकडे सरकतं. बिजागरी एका जागी न तुटता गोलाकार वळते. शिवाय पोकळी जिथे संपते तिथून पुढे भरीव दांडा आहे, त्यामुळे उमलणं तिथेच थांबतं. मागचा भाग सरळ पुढे जातो, खांद्याच्या हाडातूनही. सापडलेल्या अशा गोळीचं वजन बहुतेक वेळा मूळ वजनाच्या 95 टक्क्यांहून जास्त भरतं.

शिशाचं गणित वेगळं. शिसं नेहमीच्या तापमानालाच आपले अणू पुन्हा मांडून घेतं, त्यामुळे ते ठोकून कडक होतच नाही. त्याची ताकद जेमतेम 15 मेगापास्कल, आणि समोरून येतोय 320 चा दाब. अशा दाबाखाली ते जवळजवळ द्रवासारखं वाहतं. वरचं तांब्याचं पातळ कवच फाटलं की कडेचं शिसं ओरबाडलं जातं आणि कण दूरवर उडतात. शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचा एक्स-रे काढला तर जखमेभोवती पांढऱ्या ठिपक्यांचा सडा दिसतो, कधी शेकड्यांनी, आणि तोही जखमेपासून वीतभर लांबपर्यंत. बरेचसे कण इतके बारीक असतात की मांस कापताना सुरीला लागत नाहीत.

ते खाणाऱ्याच्या पोटात जातात. गिधाडाच्या जठरातलं आम्ल जबर असल्यामुळे शिसं विरघळून रक्तात उतरतं. कॅलिफोर्नियाचे काँडर, म्हणजे तिकडची मोठी गिधाडं, 1982 साली अवघे 22 उरले होते. पुढे पिंजऱ्यात वाढवून रानात सोडलेल्या पक्ष्यांना मारणारं मोठं कारण शिशाची विषबाधा हेच निघालं. त्या राज्याने 2013 मध्ये कायदा करून 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. अमेरिकेतल्या 38 राज्यांमधल्या 1210 गरुडांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसे-विषबाधेच्या खुणा होत्या. डेन्मार्कने 2024 मध्ये रायफलच्या शिसे-गोळ्यांवरही बंदी घातली.

आपल्याकडची गिधाडं शिशाने संपली नाहीत. ती संपली गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने, ज्यावर पशुवैद्यकीय वापरासाठी 2006 साली बंदी आली. पण 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पेंच आणि ताडोबात गिधाडं आणली गेली आहेत. परवानगीने मारलेल्या डुकराचं मढं पुरता येईल, पण जखमी होऊन झुडपी जंगलात जाऊन मेलेलं कोण पुरणार? ते कोल्हे, रानकुत्री आणि गिधाडंच खाणार. म्हणून हा प्रश्न मला विदर्भाचा वाटतो.

तांबं निर्धोक आहे ते 'शुद्ध' म्हणून नाही. शरीराला तांबं किंचित लागतंच, आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. अति झालं तर तेही विषारी. शिशाचा मात्र शरीराला काडीचाही उपयोग नाही, आणि रक्तात अमुक इतकं शिसं सुरक्षित अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाही सापडलेली नाही. त्यातून तांब्याची पाकळी तुटलीच तर एक-दोन मोठे तुकडे होतात, धुरळा होत नाही.

आता त्या सुईच्या वाक्याकडे. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, हीच सगळी गोम आहे. सेकंदाला 600 मीटर वेग असताना तो 180 मेगापास्कल, 400 मीटर असताना फक्त 80. म्हणजे तांबं जेमतेम वाकेल एवढाच. तिथे गोळी मिटलेल्या टोकानेच आरपार जाते, जखम अरुंद होते आणि जनावर दूर पळतं. वेगवान रायफलसाठीच्या अशा गोळ्यांना उमलायला साधारण 550 ते 600 मीटर वेग हवा असतो. जी गोळी 'सुई'सारखी गेली असं सांगितलं जातं, तिने लांब पल्ल्यावर वेग गमावलेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. परवान्यावर सर्रास दिसणारी .315 रायफल जड गोळी नळीतून सुमारे 620 मीटर वेगानेच सोडते. शंभर मीटरवर तो 550 झाला असं धरलं तर दाब उरतो 151. परदेशी नमुना तसाच उचलून हिच्यात घातला तर पारावरचा माणूस बरोबर ठरेल. शिवाय तांब्याची घनता पाण्याच्या 8.96 पट आणि शिशाची 11.34 पट, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी सव्वापट लांब होणार. लांब गोळी स्थिर उडायला गोळीला फिरवणारे नळीतले पीळ जास्त घट्ट लागतात. म्हणून वजन कमी करायचं, त्याने वेगही थोडा वाढतो. आणि पोकळीचं सूत्र आठवा: त्रिज्या दुप्पट केली, भिंत निम्मी केली, की त्याच 151 मेगापास्कलमध्ये भिंतीवरचा ताण चौपट होऊन 600 च्या वर जातो. हे कागदावरचं स्वप्न नाही. 12 बोअरच्या बंदुकीसाठी रुंद तोंडाच्या, सहा पाकळ्यांच्या तांब्याच्या गोळ्या अमेरिकेत विकल्या जातात आणि त्या साडेचारशे मीटरच्या वेगालाही उमलतात. जागलीवरून डुक्कर दिसतं ते फार तर पन्नास-साठ मीटरवर, तेव्हा .315 साठीही अशाच रुंद पोकळीची गोळी घडवून, ओल्या कागदाच्या थप्पीवर आणि मांसासारख्या जेलवर त्या पल्ल्याला तपासून पाहायला हवी.