शोअर वॉक

ओहोटीने उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर जाणकाराच्या सोबतीने चालत जाऊन तेथील सजीव जागच्या जागी पाहण्याचा सार्वजनिक उपक्रम. ‘किनारा भ्रमंती’ हा मराठी शब्दही आढळतो. मुंबईत मात्र इंग्रजी नावच रुळले आहे.

उगमाविषयी दोन मते मांडता येतात. एका मताप्रमाणे हा प्रकार एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा. फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) या निसर्गअभ्यासकाच्या लेखनामुळे १८५० च्या दशकात तेथील मध्यमवर्ग खडकांतील डबकी धुंडाळू लागला. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. या छंदाने प्राणी गोळा करणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की कित्येक डबकी ओकीबोकी पडली, अशी खंत गॉसच्या मुलाने पुढे नोंदवली. आजच्या फेऱ्यांतील ‘पाहा, पण उचलू नका’ या दंडकाच्या मागे तो अनुभव आहे. दुसऱ्या मताप्रमाणे पाहण्याची ही रीत किनाऱ्यावरच्या उपजीविकेतूनच आलेली आहे. कोळी स्त्रिया ओहोटीला खडकांवरची कालवे फोडतात, वाळूतल्या शिवल्या-तिसऱ्या उकरतात, आणि कोणता खडक कोणत्या तिथीला उघडा पडतो हे त्यांना तोंडपाठ असते. फेरीचे संघटित रूप पश्चिमेकडून आले हे मान्य केले, तरी मुंबईच्या किनाऱ्यावर तिला लागणारे वेळेचे, जागेचे आणि बऱ्याच अंशी नावांचे ज्ञान कोळ्यांचे आहे. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

वेळ ठरवण्याचे कोकणातले सूत्र प्रसिद्ध आहे : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. अमावास्या-पौर्णिमेला भरती १२ च्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळी ६ च्या आसपास. भरती व ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. सूत्राचे मूळ चंद्राच्या गतीत आहे. एका चांद्रमासात, म्हणजे ३० तिथींत, चंद्र सूर्याच्या मानाने पूर्ण एक फेरा, म्हणजे २४ तास, मागे पडतो. त्यामुळे दर तिथीस भरती सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते. ४८ मिनिटे म्हणजे नेमक्या दोन घटका, अर्थात एक मुहूर्त. पाऊणपटीत हे अंतर ४५ मिनिटे धरले जाते, त्यामुळे दर तिथीमागे ३ मिनिटांची चूक साचते आणि पंधराव्या तिथीला १२ ऐवजी सव्वाअकरा असे उत्तर येते. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोयीची. नेमकेपणासाठी दोन घटकांचा हिशेब बरा. तरीही दोन्ही उत्तरे ढोबळच राहतात, कारण तिथीची लांबी सुमारे २० ते २७ तासांच्या दरम्यान बदलते आणि खाडीत आत जावे तशी भरती उशिरा येते. आयोजक म्हणूनच छापील भरती-ओहोटी तक्त्यावर विसंबतात.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती खाली जाते याला असते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसे हटत नाही, म्हणून फेऱ्या उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत ठेवतात. सर्वांत खोल ओहोटी बहुधा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी लागते. किमान पातळीच्या तासभर आधी किनाऱ्यावर उतरावे आणि पाणी फिरले की परतावे, हा संकेत सुरक्षिततेचा आहे; सपाट खडकाळ पट्ट्यात पाणी मागच्या बाजूने भरत येते आणि ते लवकर ध्यानात येत नाही.

दिसणारे जीवन पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेले असते. वरच्या, बराच वेळ कोरड्या राहणाऱ्या खडकांवर बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी) व कालवे. त्याखाली समुद्रफुले, नळीत राहणारे किडे, रिकाम्या शंखात राहणारे संन्यासी खेकडे. अगदी खालच्या, क्वचितच उघड्या पडणाऱ्या भागात शैवाल, स्पंज, प्रवाळ आणि रंगीत कवचहीन समुद्री गोगलगायी. चिखलाच्या भागात निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) दिसतात. वरची मर्यादा मुख्यतः उन्हाचा ताप व कोरडेपणा ठरवतो, खालची मर्यादा शिकारी प्राणी आणि जागेची स्पर्धा ठरवते, असे सामान्यतः मानले जाते.

मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट गिरगाव, हाजी अली, जुहू, वांद्रे इत्यादी किनाऱ्यांवर अशा फेऱ्या घेत आला आहे. सहभागींनी काढलेली छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या खुल्या संकेतस्थळावर नोंदली जातात. शहराच्या सांडपाण्याशेजारी प्रवाळ जगते, हे सामान्य मुंबईकराला मुख्यतः या फेऱ्यांमुळे कळले. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथील प्रवाळ २०२० मध्ये हलवण्यात आले, तेव्हा त्याची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली. प्रवाळास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे.

याआधीच्या पिढीसाठी समुद्रजीवनाची ओळख म्हणजे प्रामुख्याने मरीन ड्राइव्हवरील, १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय. ते पुढे इमारत धोकादायक ठरल्याने बंद झाले. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय व देवमाशाचा सांगाडा शालेय सहलींना परिचित आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडली कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणारा कासव महोत्सव चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कामातून उभा राहिला. महाराष्ट्राबाहेर गुजरातेत कच्छच्या आखातातील नरारा बेट हे ओहोटीला प्रवाळखडकावर पायी जाता येणारे स्थळ होय. तेथील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले.

फेरीत दगड उलटून पाहिल्यास तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवतात. खालच्या अंगाला चिकटलेले सजीव उन्हात उघडे पडले तर थोड्याच वेळात वाळून मरतात. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख हातात घेत नाहीत, त्यांतील काहींचा दंश विषारी असतो. पावसाळ्यात वाळूवर येणारी, जेलीफिशसारखी निळी ‘ब्ल्यू बॉटल’ मेल्यासारखी दिसली तरी तिचे तंतू डंख करतात.