सोफ्यावरच्या उशा: निवडताना, शिवून घेताना, वापरताना

कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "पाचचा सेट केवढ्याला?" बाजारात कुशन कव्हरं पाचच्या सेटवर विकली जातात, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आम्ही मात्र किंमत सांगण्याआधी दोन गोष्टी विचारून घेतो. तुमच्या सोफ्यावर रोज कोण बसतं? आणि दुपारी त्यावर आडवं कोण होतं? एवढं कळलं की आमचं निम्मं काम झालेलं असतं.

पूर्वी वाड्यांतून आणि पेढ्यांवर बैठक असायची. खाली गादी, कडेला लोड, भिंतीला तक्के. लोड कोपर टेकायला, तक्क्या पाठीला. अभ्रे साधे पांढरे, पण धुतलेले आणि ताणून बसवलेले, आणि तेवढ्यानेच खोलीला रुबाब यायचा. उशी आधी पाठीला लागायची, मग डोळ्यांत भरायची. सोफ्याच्या उशा शिवताना आम्ही अजून हाच क्रम धरतो.

आधी सोफ्यावर बसून बघा

पाठ मागे पूर्ण टेकवून बसा आणि पावलं जमिनीला टेकतात का ते बघा. गुडघ्याची मागची बाजू आणि सोफ्याची कड यांच्यात दोन-तीन बोटांची फट राहिली, तर सोफा तुमच्या मापाचा आहे. हल्लीच्या सोफ्यांची बैठक २२ इंच किंवा त्याहून खोल असते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेली बाई त्यावर टेकून बसली की पाय लोंबतात, आणि पाय टेकवायला पुढे सरकली की पाठ मोकळी पडते. घरातली आजी नेहमी सोफ्याच्या अगदी कडेला का बसते, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

त्यावर उपाय म्हणजे १२ बाय २० इंचांची आडवी उशी. ती कंबरेमागे ठेवायची. चार-पाच इंच जाडीची, जरा घट्ट भरलेली घेतली की बैठकीची खोली तेवढीच कमी होते आणि पाय आपोआप जमिनीला लागतात. ही उशी दिसायला सगळ्यांत लहान, पण आमच्या मते पहिली हीच घ्यावी. गुडघे दुखतात म्हणून बसायची उंची वाढवायला काही जण मऊ उशी बुडाखाली घेतात. त्याचा उपयोग होत नाही, ती दबते आणि उठायला उलट जास्त जोर लागतो. त्यासाठी टणक फोमची सपाट गादीच लागते.

किती घ्यायच्या

तीन जणांच्या सोफ्याचे हात सोडले तर बसायला साधारण ६० ते ६६ इंच जागा उरते, म्हणजे माणशी २० ते २२ इंच. त्यावर पाच-सहा उशा मांडल्या की फोटो छान येतो. पण पाहुणे आले की काय होतं ते आठवून बघा. येणारा माणूस उशी उचलतो, कुठे ठेवावी ते कळत नाही, आणि मग चहा होईपर्यंत ती मांडीवर धरून बसतो. पाहुण्याच्या मांडीवर उशी आली की समजावं, सोफ्यावर उशा जास्त झाल्या.

तीन जणांच्या सोफ्याला आम्ही चार सुचवतो. दोन्ही कोपऱ्यांत १८ इंची एकेक, त्यांतल्या एकीच्या पुढे १६ इंची, आणि ती आडवी कंबरेची. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नसल्या तरी चालतात. आम्हाला तर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशीच मांडणी जास्त आवडते, कारण मग एक जागा मोकळी राहते आणि येणाऱ्याला कुठे बसायचं ते न सांगता कळतं. एकेकट्या खुर्चीला एक उशी पुष्कळ. सोफा एल आकाराचा असेल तर कोनातल्या जागेला २० इंची, भरगच्च उशी द्या. तिथे पाठीला नीट टेकण नसतं, म्हणून ती जागा रिकामीच पडून राहते.

रंग

तपकिरी, राखाडी, मोतिया आणि मरून, आमच्या गिऱ्हाइकांकडचे बहुतेक सोफे या चार रंगांतले. सोफ्याच्याच रंगाची उशी घेतली तर ती दिसत नाही, आणि सगळ्याच भडक घेतल्या तर सोफा दिसत नाही. तपकिरीवर आंबा किंवा रामा रंग खुलतो. राखाडीवर अबोली, डाळिंबी, किंवा शांत हवं असेल तर चिंतामणी. मोतिया सोफ्यावर विटकरी आणि शेवाळी एकत्र ठेवून बघा. मरून सोफा अवघड असतो. त्यावर आम्ही लाल-गुलाबीच्या वाटेला जात नाही, मोरपंखी नाहीतर कोरा सुती रंग देतो.

एक सोपी युक्ती सांगतो. खोलीत आधीपासून असलेला एखादा रंग पकडा. पडद्याची कड, भिंतीवरच्या चित्रातला एक कोपरा, जमिनीवरच्या सतरंजीची पट्टी, काहीही. तो रंग एका उशीत आला की बाकीच्या आपोआप जुळतात. आणि दुकानातल्या पांढऱ्या उजेडात रंग पक्का करू नका. घरी पिवळा दिवा असेल तर चिंतामणी मळकट दिसतो आणि आंबा झळकतो. म्हणून आम्ही कापडाचे नमुने दोन दिवस घरी न्यायला देतो. सकाळी एकदा, दिवे लागल्यावर एकदा, सोफ्यावर टाकून बघा.

कापड

रोजच्या वापराच्या उशीला जाडसर सुती कापडासारखं दुसरं काही नाही. आम्ही ते इचलकरंजीहून आणतो. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आणि आज साध्या सुती कापडासाठी आम्हाला तीस किलोमीटरपलीकडे जावं लागत नाही. सोफा रेक्झिनचा असेल तर सॅटिनची उशी अजिबात घेऊ नका, ती दिवसभर घसरून खाली येते. रेक्झिनवर खरखरीत विणीचं कापडच टिकून राहतं. सोलापुरी चादरीच्या कापडाची उशी अशा सोफ्यावर फार छान बसते, आणि मुलांनी ओढाताण केली तरी तिचं काही बिघडत नाही.

खणाच्या उशांना सध्या खूप मागणी आहे. पारंपरिक खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, मुळात चोळीचं कापड. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो आणि कडेला काठ असतो. तो काठ उशीवर कुठे यावा, यावर सगळी शोभा ठरते. आम्ही काठ बरोबर मध्यावर घेत नाही, एका बाजूला तीन-चार इंच आत उभा घेतो. मग उशी टेकायला घेतली तरी काठ दिसत राहतो. मागची बाजू साध्या सुती कापडाची ठेवतो, म्हणजे गालाला टोचत नाही आणि खर्चही वाचतो.

खणाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात आम्ही एका गिऱ्हाइकाला लाल खणाच्या चार उशा रंग न तपासता दिल्या होत्या. पावसाळ्यात त्यांच्या घरी खिडकीतून पाणी आलं, उशा भिजल्या आणि मोतिया सोफ्यावर गुलाबी डाग पडले. सोफ्याची ती गादी आम्ही नव्या कापडाने मढवून दिली. तेव्हापासून गडद रंगाचं प्रत्येक कापड आम्ही ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघतो. रुमालाला रंग लागला, तर ते कापड फिक्या सोफ्यासाठी देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.

आईची, आजीची साडी

कपाटात घडी घालून ठेवलेली, नेसवत नाही आणि टाकवतही नाही अशी साडी घेऊन बरीच जणं येतात. हे काम आम्हाला सगळ्यांत जास्त आवडतं आणि यालाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो. साडी आम्ही टेबलावर पूर्ण उलगडतो आणि उजेडासमोर धरतो. विरलेली जागा लगेच दिसते. साडी सगळीकडे सारखी विरत नाही. बसण्याच्या जागी आणि खालच्या काठाजवळ ती आधी जाते, पदर मात्र बहुधा शाबूत असतो. जुनं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या घडीवरच चिरतं. तिथे बोटाने हलकेच ताणून बघतो. धागे सरकले तर तो भाग वगळतो.

जो भाग चांगला निघतो त्यालाही मागून मांजरपाटाचं अस्तर लावल्याशिवाय आम्ही शिवत नाही. उशीला रोज ताण बसतो, तो अस्तराने घ्यावा, साडीने नाही. साडी धड असेल तर दोन्ही बाजू तिच्याच ठेवूनही पाच कव्हरं सहज निघतात. पण आमचा सल्ला असा, की जरीच्या साडीची एक किंवा दोनच करा. जर गालाला खुपते, आणि सगळा सोफा जरीने भरला की त्या साडीचं वेगळेपण राहत नाही. इरकलीचा पदर एका आडव्या उशीवर पूर्ण लांबीने घेतला, तर बाकी सगळ्या उशा साध्या असल्या तरी चालतात.

कापड घरून आणणार असाल तर हिशोब असा: ४४ इंच पन्ह्याचं कापड १६ इंची पाच कव्हरांना अडीच मीटर लागतं, ५४ इंच पन्ह्याचं दोन मीटर पुरतं. सुती कापड असेल तर आधी धुऊन, वाळवून आणा. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि मग १६ इंचाचं कव्हर फिलरवर, म्हणजे आतल्या भरलेल्या उशीवर, चढत नाही.

आत काय भरायचं

जुन्या उशांत सावरीचा कापूस असायचा. मऊ असतो, थंड राहतो, पण त्याचे गोळे होतात आणि तो धुता येत नाही. अधूनमधून ऊन दाखवावं लागतं, आणि कधी पिंजाऱ्याकडून पिंजूनही घ्यावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी फायबर भरतात. त्यात फसवणूक वजनात होते. नवी उशी फुगीर दिसते, दोन महिन्यांत पोळी होते. घेताना उशी दोन्ही हातांनी मधोमध दाबा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागली तर भरण कमी आहे. सोडल्यावर ती पुन्हा फुगायला हवी.

फिलर कव्हरपेक्षा एक ते दोन इंच मोठा घ्यायचा. १६ इंची कव्हरात १७ किंवा १८ इंची, म्हणजे कोपरे रिकामे राहत नाहीत. कव्हराचे कोपरे आम्ही अर्धा इंच आत घेऊन निमुळते शिवतो, नाहीतर उशी भरल्यावर ते कानासारखे बाहेर येतात. फिलर घालताना तो मधून दुमडा, आतले दोन कोपरे आधी बोटांनी बसवा, मग सोडा. चेनवर ताण येत नाही.

धुणं आणि पावसाळा

सुती कव्हर उलटं करून, चेन लावून, थंड पाण्यात धुवा. गडद रंग पहिले दोन-तीन वेळा वेगळे. खण सावलीत वाळवा, इस्त्री उलट्या बाजूने करा. जर आणि रेशीम ड्रायक्लीनला.

जुलै-ऑगस्टमध्ये कव्हर हाताला कोरडं लागलं तरी शिवणीत ओल असते. ते तसंच चढवलं की फिलरला कुबट वास धरतो आणि मग जाता जात नाही. त्या दोन महिन्यांत निम्म्या उशा कपाटात ठेवल्या तर उत्तम. बाहेर राहतील त्या भिंतीला चिकटून ठेवू नका.

येताना काय आणायचं

सोफ्याची बैठक किती लांब आणि किती खोल आहे त्याचं माप, दिवसाच्या उजेडात काढलेला खोलीचा एक फोटो, आणि जमल्यास पडद्याच्या कापडाचा तुकडा. कंबरेच्या उशीसाठी ज्यांना ती वापरायची आहे त्यांनाच घेऊन या. दुकानात खोल बैठकीचा सोफा ठेवला आहे, बसून ठरवता येईल. साडी आणणार असाल तर धुतलेली, खळ न घातलेली आणा आणि कुठला भाग राखायचा तेही सांगा. कापण्याआधी आम्ही खडूने खुणा करून दाखवतो आणि तुमचा होकार आल्यावरच कात्री लावतो. उरलेलं सगळं कापड, काठाच्या अरुंद पट्ट्यांसकट, पिशवीत घालून परत देतो. त्या पट्ट्या टाकू नका, वाकळेला लावता येतात.