चावदिवसाचे पोहे: कोकणातल्या दिवाळीची पार्श्वभूमी

कोकणातली दिवाळी समजून घ्यायची तर आधी भाताच्या मळ्यात जावं लागतं. पावसाच्या तोंडावर पेरलेली हळवी, म्हणजे लवकर पिकणारी भातं दसऱ्याच्या आसपास कापणीला येतात आणि दिवाळीला नवं भात घरात आलेलं असतं. गहू, हरभरा ही काही इथली मुख्य पिकं नव्हेत. रवा, मैदा, बेसन लागतं तो फराळ, माझ्या मते, इथे नंतर आला. १८५० च्या दशकापासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, कोकणातली माणसं तिकडे कामाला गेली, आणि चाकरमान्यांच्या मिळकतीबरोबर लाडू-चकल्या गावच्या घरांत रुजल्या.

मूळचा मान पोह्यांचा. नरकचतुर्दशीला सिंधुदुर्गात चावदिवस म्हणतात. पहाटे उटणं लावून आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणून ओरडायचं आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. हे कडूजहर रानफळ म्हणजे नरकासुर. प्राग्ज्योतिषपूरच्या या राजाला कृष्णाने मारलं आणि त्याने कोंडून ठेवलेल्या स्त्रियांना सोडवलं, ही भागवतातली कथा. आमच्याकडच्या पोरांना ती आधी अंगठ्याखाली कळते, पोथीतून नंतर.

मग पोहे. पूर्वी ते घरीच कांडत. भात भिजत घालायचं, निथळून खापरात भाजायचं आणि गरम असतानाच वायनात, म्हणजे उखळात, ओतून मुसळाने कांडायचं. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने घाव घालत. भात निवलं की दाणा चपटा न होता तुटतो, म्हणून हात थांबवून चालत नसे. शेवटी सुपात पाखडून कोंडा काढला की गावठी भाताचे तांबूस, जाडसर पोहे हाती येत. त्यांचे गूळपोहे, दूधपोहे, दहीपोहे, तिखट पोहे, आणि नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून केलेले रसातले पोहे. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. चावदिवसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोहे खायला जायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते.

कला आणि गोष्टीही याच शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या. कापणी-झोडणी उरकली की माणसाला रात्र मोकळी मिळते. कार्तिकापासून गावोगाव जत्रा लागतात आणि दशावतारी नाटकं सुरू होतात. त्यांच्या आरंभीच्या आडदशावतारात वेद पळवणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मरतो. चावदिवसाला पहाटे एक असुर, जत्रेत रात्री दुसरा! कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर रामायण-महाभारतातले प्रसंग चित्रांच्या पोथ्या दाखवत, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने सांगत आले. ही चित्रकथी जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या गंजिफांतही, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांतही, हेच दहा अवतार आहेत: प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. १९७० च्या दशकात राजघराण्याने पुढाकार घेतला म्हणून ही हातकला तगली.

वायनं आता बऱ्याच घरांत कोपऱ्यात पडून आहेत, पोहे गिरणीतून येतात. तरी दिवाळीच्या आधी बाजारात गावठी लाल पोहे दिसले की आमच्याकडची माणसं पांढरे, पातळ पोहे बाजूला सारून तेच मागतात.