ग्राफ डेटाबेसची तुलना करताय? आधी इंडेक्स बघा

"तीच ग्रेमलिन क्वेरी दोन्ही ग्राफ डेटाबेसवर चालवली. एकाचं उत्तर लगेच येतं, दुसरा जागचा हलत नाही. दुसरा काढून टाकू का?" आठवड्यात एकदा तरी आम्हाला हा फोन येतोच. काढून टाकण्याआधी एवढं वाचा.

ग्राफ डेटाबेस म्हणजे नोंदी आणि त्यांच्यातले दुवे साठवणारा डेटाबेस; ग्रेमलिन ही त्याला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा. टिंकरपॉप या सामायिक इंटरफेसमुळे एकच क्वेरी वेगवेगळ्या डेटाबेसवर चालते, हे खरं. पण इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडण्यासाठीची सूची, बनवायची सोय या सामायिक इंटरफेसमध्ये नाही. तो ज्या त्या डेटाबेसच्या पद्धतीनं वेगळा करावा लागतो. स्क्रिप्ट नेली की सगळं आलं असं वाटतं आणि इंडेक्स मागेच राहतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीला हीट नंबरवरून (एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) त्यातली सगळी कास्टिंग आणि ती कुठल्या डिलिव्हरी चलनावर बाहेर पडली हे बघायचं होतं. हीटपासून कास्टिंग, कास्टिंगपासून चलन, या उड्या झटपट होत होत्या. सगळा वेळ जात होता तो सुरुवातीचा हीट नंबर सापडण्यात. शाहूपुरीत पत्ता नसताना दारोदार विचारत फिरावं, तसं. सगळे व्हर्टेक्स (नोंदी) तपासावे लागताहेत, अशी वॉर्निंग त्यांचा डेटाबेस जानसग्राफ लॉगमध्ये दर वेळी देत होता. ती कुणी वाचली नव्हती, आणि डेटाबेस बदलायचं ठरतही आलं होतं.

इंडेक्स केला म्हणजे तो वापरला जातो, असंही नाही. निओफोरजे (Neo4j) या डेटाबेसमध्ये तो लेबलला, म्हणजे नोंदीच्या प्रकाराच्या नावाला, बांधलेला असतो. क्वेरीत लेबल नसेल तर उपयोग शून्य. जानसग्राफमध्ये डेटा भरल्यानंतर इंडेक्स केलात तर जुन्या नोंदींसाठी री-इंडेक्स करावंच लागतं. ग्रेमलिन क्वेरीच्या शेवटी प्रोफाईल स्टेप (profile()) लावा, वेळ कुठे जातो ते दिसेल.

दोन डेटाबेसचा वेग मोजून द्यायला आम्ही दोन दिवस घेतो. "नुसतं मोजायला दोन दिवस कशाला?" असं काही जण विचारतात. पहिला दिवस इंडेक्स जुळवण्यातच जातो. जेव्हीएम (हे डेटाबेस ज्यावर चालतात ते जावाचं इंजिन) आणि कॅश गरम होईपर्यंतचे, म्हणजे सुरुवातीचे संथ, आकडे आम्ही वेगळे ठेवतो. सामायिक इंटरफेसमधून जातानाही थोडा वेळ खर्च होतो, म्हणून निओफोरजेवर तीच क्वेरी त्याच्या स्वतःच्या सायफर भाषेत लिहून पुन्हा मोजतो. यातलं काही गाळून काढलेल्या आकड्याचं बिल आम्ही लावत नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरला आमच्या ऑफिसात येताना रोजच्या वापरातल्या तीन क्वेरी आणि केलेल्या इंडेक्सची यादी आणा. यादी तपासायचे पैसे घेत नाही. बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं.